पुढच्याला ठेच लागली खरी, पण वाट तीच आहे का?

एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न असा आहे. सॉफ्टवेअरच्या कामात दर पंधरा दिवसांनी आढावा घ्यायची पद्धत त्यांच्या टीमला फार मानवली. काय झालं, काय अडलं, पुढच्या पंधरवड्यात काय बदलायचं, एवढंच. मग त्यांनी हीच पद्धत तब्येत, गुंतवणूक आणि घर अशी तिन्हीकडे लावली. तब्येतीला गुण आला. गुंतवणुकीत वर्षभरात इतके फेरफार झाले की काहीच न करणारा मित्र पुढे निघून गेला. घरी तिसऱ्या आढाव्यालाच बायकोने सुनावलं, ‘‘मी तुझ्या हाताखाली नाही.’’ कल्पना एकच, मग एका ठिकाणी ती उपयोगी पडते आणि दुसऱ्या ठिकाणी अंगलट येते, असं का? आणि हे आधी ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. माझी तीस वर्षं नियंत्रण यंत्रणांच्या कामात गेली. तापमान, दाब, प्रवाह ठरल्या जागी ठेवणारी यंत्रणा बसवायची आणि ती हेलकावे खायला लागली की शांत करायची. शेवटची काही वर्षं मी चुका आणि अपघात का होतात याच्या शोधावर होतो. तिथे एका क्षेत्रातली युक्ती दुसऱ्या क्षेत्रात नेणं हाच धंदा होता. काही युक्त्या रुजल्या, काही माझ्याच हातून मेल्या. मेलेल्यांनी जास्त शिकवलं, म्हणून त्याही सांगतो.

आपण औषध ‘लागू पडतं’ म्हणतो, तो शब्द मला इथे नेमका वाटतो. औषध मुळात चांगलं की वाईट हे त्यात कुणी विचारत नाही, या दुखण्याला लागू पडेल का एवढंच विचारतो. कल्पनेचंही तसंच. संवादावर काम करणारे डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन यांनी १९८६मध्ये जे मांडलं त्याचा गाभा असा, की ऐकलेल्या गोष्टीने आपल्या समजुतीत जितका जास्त फरक पडतो तितकी ती आपल्यासाठी समर्पक, आणि ती समजून घ्यायला जितकी जास्त डोकेफोड करावी लागते तितकी कमी समर्पक. मी कामात याचं एक जाडंभरडं रूप वापरतो. या कल्पनेमुळे उद्या सकाळी मी कोणती गोष्ट वेगळी करणार आहे? उत्तर आलं नाही, तर कल्पना कितीही चमकदार असो, माझ्यापुरती ती सध्या शोभेची आहे. ‘सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे’ हे वाक्य घ्या. खरं आहे, कुठेही बसतं, आणि त्यामुळे कुणाचाही कोणताही निर्णय बदलत नाही.

आता एक प्रवास थोडा तपशिलात बघू, कारण त्यात बहुतेक सगळं आहे.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवरून बोइंगचं ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचं विमान लष्करी चाचणीसाठी उडालं, वर चढलं आणि कोसळलं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल नवशिके नव्हते. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने त्याचे हलते पृष्ठभाग आपटू नयेत म्हणून एक अडसर लावतात. तो काढायचा राहून गेला होता. हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस टॉवर या दोघांचाही त्यात जीव गेला. यानंतर वैमानिकांना आणखी प्रशिक्षण देण्याऐवजी उड्डाणाआधी तपासायच्या गोष्टींची एक छोटी यादी केली गेली. तेच विमान पुढे बी-१७ नावाने बारा हजारांहून अधिक संख्येने बनलं.

ही यादी शस्त्रक्रियागृहात पोचायला सत्तरेक वर्षं लागली. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी जगभरच्या ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत वापरून बघितली, तिचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७वर. झालं, सगळ्यांना वाटलं की यादी चालते. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती रुग्णालयांना सरसकट लागू केली. तिथल्या १०१ रुग्णालयांतल्या दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१४मध्ये आला. मृत्यूंचं प्रमाण आधी ०.७१ टक्के, नंतर ०.६५ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ठरवून सांगण्याइतका नव्हता.

यावर तज्ज्ञांत बरीच वादावादी झाली. ओंटारिओत मुळातच प्रमाण कमी होतं, आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने हा काळ तोकडा होता, असे आक्षेप आले आणि ते चुकीचे नाहीत. पण मी स्वतः यादी वापरणारी माणसं जवळून पाहिली आहेत. माझं मत असं, की कागद पोचला आणि थांबणं मागेच राहिलं. विमानात एक जण मुद्दा मोठ्याने वाचतो, दुसरा हात लावून बघतो आणि उत्तर देतो. ते पुरं होईपर्यंत विमान उड्डाण करत नाही. शस्त्रक्रियेच्या यादीतही सुरी चालवण्याआधी सगळ्यांनी थांबून आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. त्यामागचा हेतू ओळख-परेडचा नाही. एकदा बोललेला माणूस दुसऱ्यांदा, म्हणजे गरज पडेल तेव्हा, सहज बोलतो. वरिष्ठ सर्जनला ‘‘थांबा, बाजू चुकतेय’’ असं कनिष्ठ नर्सने म्हणण्याची वाट त्यातून मोकळी होते. परिपत्रकाने कागद पाठवता येतो, ही मोकळीक पाठवता येत नाही. मग शेवटी कुणीतरी एकटंच कोपऱ्यात उभं राहून १९ खुणा करतं आणि अहवालात सगळं हिरवं दिसतं.

म्हणून कुठलीही कल्पना उचलताना तिचा भार कशावर आहे ते आधी बघायचं. यासाठी मी शिकवताना एक व्यायाम देतो, तो व्याकरणाचा आहे. कल्पनेतली नामं काढून टाका आणि क्रियापदं ठेवा. विमान, वैमानिक, अडसर, यादी, सगळं पुसा. उरतं ते असं: करणाऱ्याला काम येतं, पण तो विसरतो. पायऱ्या पुष्कळ आहेत. एखादी सुटली तर लगेच कळत नाही, आणि कळतं तेव्हा मागे फिरता येत नाही. त्या क्षणाच्या आधी एक थांबा घेता येतो. आता या रिकाम्या जागांत तुमची नामं घालून बघा. घरातल्या वृद्ध माणसाची आठ औषधं वेळच्या वेळी देणं यात अगदी बसतं. लांबच्या प्रवासाला निघणं बसतं. मोठ्या करारावर सही करणं बसतं. पण दुःखात बुडालेल्या मित्राला भेटायला जाणं? तिथे विसरलेली पायरी हा प्रश्नच नाही. तिथे यादी घेऊन गेलात तर यादीच आड येईल.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण कल्पनांच्या प्रवासाबद्दलच वापरतो, फक्त तिच्या अटी कुणी सांगत नाही. मागचा त्याच वाटेने चालत असला पाहिजे. दगड तिथेच असला पाहिजे. आणि ठेच दगडाने लागली की चप्पल तुटल्याने, हे मागच्याला दिसलं असलं पाहिजे. तिसरी अट सर्वांत जास्त वेळा मोडते.

माझ्या मूळ धंद्यातली सर्वांत दूर जाणारी कल्पना म्हणजे उशीर. एका कारखान्यात रात्रपाळीला एक तरुण ऑपरेटर होता. झडप फिरवली की तिचा परिणाम टाकीच्या तापमानावर दिसायला चार मिनिटं लागायची. तो दर मिनिटाला काटा बघायचा, बदल दिसला नाही म्हणून झडप आणखी उघडायचा. चार मिनिटांनी आधीच्या सगळ्या उघडझापीचा परिणाम एकदम यायचा, तापमान वर उसळायचं, मग हा घाबरून झडप बंद करायचा. पहाटेपर्यंत तापमानाचा आलेख लाटांसारखा. मुलगा मेहनती होता, दुर्दैवाने जरा जास्तच. मी त्याला फक्त हात मागे बांधून पाच मिनिटं थांबायला सांगितलं, आणि तासाभरात लाटा बसल्या.

हे गणित जुनं आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग सांभाळणारे गोलक कधी शांत राहतात आणि कधी हेलकावतात, यावर जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८मध्ये शोधनिबंध लिहिला. पण त्यातलं क्रियापदांचं सार कुठल्याही नळाखाली अंघोळ करणाऱ्याला ठाऊक आहे. पाणी गार लागतं म्हणून गरम नळ फिरवतो, अजून गारच म्हणून आणखी फिरवतो, मग भाजतं. परिणाम दिसायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळा हस्तक्षेप केला, की हस्तक्षेपच आजार बनतो.

इतकं सगळं माहीत असून मी मुलीच्या अभ्यासात हीच चूक दोन वर्षं केली. दर आठवड्याच्या चाचणीचे गुण बघायचे आणि पद्धत बदलायची. लिहून काढ, मग मोठ्याने वाच, मग पहाटे उठ. कोणत्याही पद्धतीचा परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, मी एकीलाही दोन दिले नाहीत. ‘बाबा, तुम्ही मला एकदा नीट अपयशी तरी होऊ द्या,’ असं तिने म्हटलं तेव्हा मला तो रात्रपाळीचा मुलगा आठवला. दोन वर्षं का आठवला नव्हता, हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता काही कल्पना इतक्या दूर का जातात? माझा अनुभव असा, की ज्या कल्पनेच्या अटी हलक्या, ती लांब जाते. उदाहरणार्थ सरासरीकडे परतणं. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींत ते दाखवलं: फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीहून उंच असतात, पण आईवडिलांइतकी टोकाची बहुधा नसतात. याला उंचीची गरज नाही, वंशाचीही नाही. दोन मोजमापांचा संबंध आहे पण पुरता घट्ट नाही, एवढीच अट. मग ती परीक्षेत लागू, खेळात लागू, विक्रीत लागू, तापाच्या आकड्यांतही लागू. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते तेव्हा एका प्रशिक्षकाने ठासून सांगितलं, की चांगल्या कसरतीचं कौतुक केलं की पुढची बिघडते आणि वाईटावर ओरडलं की सुधारते, तेव्हा कौतुक नको. प्रत्यक्षात फार चांगल्या खेपेनंतरची खेप तशीही थोडी उतरणारच होती आणि फार वाईटानंतरची सुधारणारच होती. ओरडण्याला फुकटचं श्रेय मिळत होतं. अनेक घरांत आणि कचेऱ्यांत अजून मिळतं.

रांगेचं गणितही असंच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांगने १९०९मध्ये टेलिफोन कॉल कसे येतात याचं संभाव्यतेचं गणित मांडलं, तिथून हे शास्त्र उभं राहिलं. एकच खिडकी आहे, माणसं आपापल्या लहरीने येतात, प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो, अशा सगळ्यांत साध्या प्रकारात खिडकी ५० टक्के वेळ व्यग्र असेल तर रांगेत सरासरी एका माणसाच्या कामाइतका वेळ थांबावं लागतं. ८० टक्के असेल तर चौपट, ९० टक्के असेल तर नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. दिवसाचा प्रत्येक तास भरून टाकणाऱ्या माणसाला काहीही अचानक आलं की सगळी कामं का लांबतात, याचं उत्तर याच आकड्यांत आहे. आळसाचा त्याच्याशी संबंध नाही. पण अट बघा: येणं आणि लागणारा वेळ लहरी असला पाहिजे. सगळे वेळ ठरवून आले आणि प्रत्येकाला सारखाच वेळ लागला, तर खिडकी ९५ टक्के भरलेली असूनही रांग लागणार नाही. म्हणजे हीच कल्पना दोन उपाय सुचवते, एकतर मोकळी जागा ठेवा नाहीतर लहर कमी करा. कोणता शक्य आहे हे तुमच्या क्षेत्राने ठरवायचं.

जाता जाता: कल्पना प्रवास करते, तिचा आकडा सहसा करत नाही. ‘लागेल त्याहून मजबूत बांधा’ हे तत्त्व सगळ्या अभियांत्रिकीत आहे. पण विमानाच्या सांगाड्याला अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट ताकद पुरते आणि लिफ्टच्या दोरांना दहापटीच्या आसपास लागते. विमानात प्रत्येक किलो जड पडतो आणि तपासणी कडक असते. दोर रोज झिजतो. एकाच विद्येच्या दोन शाखांत जर दीड आणि दहा, तर ‘उत्पन्नाचा अमुक टक्के भाग बाजूला ठेवा’ छापाचा नियम सगळ्यांना सारखा कसा बसेल? तत्त्व घ्या आणि आकडा आपल्या झिजेवरून काढा.

इथपर्यंतची उदाहरणं तुलनेने सोपी होती, कारण टाकी, दोर, विमान यांना आपण काय करतोय हे कळत नाही. खरी ठेच लागते ती जिथे समोरचं क्षेत्र उलट उत्तर देतं तिथे. पोलादाची तुळई दुप्पट जाड केली म्हणून तिच्यावरचा भार आपोआप वाढत नाही. पण माणसाने आपल्या वेळापत्रकात दोन तास मोकळे ठेवले आणि ते सहकाऱ्यांना दिसले, की ते भरून जातात. सी. नॉर्थकोट पार्किन्सनने १९५५मध्ये काहीशा गमतीने लिहिलं होतं, की हाती जेवढा वेळ असेल तेवढा भरून काढायला काम पसरतं. गंमत राहिली बाजूला, नियम टिकला.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या पाळणाघरांचं आहे. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी १० पाळणाघरं घेतली आणि त्यांतल्या ६ ठिकाणी उशिराला दंड लावायला सांगितलं. बाजारातली साधी कल्पना: किंमत वाढली की मागणी घटते. पण उशिरा येणारे घटले नाहीत, वाढले, जवळपास दुप्पट झाले. दंड काढून टाकल्यावरही ते पूर्ववत झाले नाहीत. त्यांचा लेख २०००मध्ये प्रसिद्ध झाला. आधी उशीर झाला की पालकांना ओशाळं वाटायचं, कारण समोर थांबलेली शिक्षिका आपल्यावर उपकार करत होती. दंडाने त्या उपकाराची किंमत ठरवली आणि ओशाळेपण संपलं. कल्पना खोटी नव्हती. तिने त्या जागेचा स्वभावच बदलून टाकला.

म्हणून माणसांच्या क्षेत्रात कल्पना नेताना मी एक जास्तीचा प्रश्न विचारतो: ही लावली आहे हे समोरच्याला कळल्यावर तो काय करेल? गुणांवर बक्षीस ठेवलं की अभ्यास वाढेल की गुण मिळवण्याच्या क्लृप्त्या? अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात हेच म्हटलं होतं, की एखाद्या आकड्याचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की त्याचं जुनं वागणं टिकत नाही.

आता माझी मेलेली युक्ती. टोयोटाच्या कारखान्यात कुठल्याही कामगाराला दोष दिसला की तो डोक्यावरची दोरी ओढायचा, दिवा लागायचा, प्रमुख धावत यायचा आणि दोष मिटला नाही तर मोटारी जुळवणारी साखळी थांबायची. ही कल्पना मुळात कापडाची. साकिची टोयोडा यांच्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलं जाण्याऐवजी काम थांबायचं. तेच तत्त्व पुढे मोटारीत आलं. मागावरून मोटारीत आलेली गोष्ट कागदोपत्री कामात का येणार नाही, असं मला वाटलं. एका मोठ्या संस्थेच्या हिशेब विभागात मी प्रत्येक टेबलावर ‘थांबा’ म्हणायची सोय करून दिली. पहिल्या आठवड्यात ती २३ वेळा वापरली गेली, चौथ्या आठवड्यात शून्य. मला वाटलं, दोष संपले. संपले नव्हते. दोरी ओढल्यावर कुणी येत नव्हतं. कारखान्यात साखळी थांबायच्या बेतात असते, म्हणून प्रमुखाला यावंच लागतं. इथे कुणाचंच काही अडत नव्हतं, वरिष्ठ म्हणायचे ‘‘बघतो’’, आणि ओढणाऱ्याच्या टेबलावर मात्र फायली साचायच्या. भार दोरीवर नव्हताच, तो धावत येण्यावर होता. मी दोरी नेली आणि धावणं नेलं नाही. यादीची आणि कागदाची गोष्ट वर इतक्या ठसक्यात सांगितली ती याच अनुभवावरून.

फार लोकप्रिय झालेल्या कल्पनेबाबत आणखी सावध राहा. संदेशवहनावर काम करणाऱ्या क्लॉड शॅननने १९४८मध्ये माहितीचं गणित मांडलं आणि काही वर्षांत मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळे ते आपापल्या विषयाला लावू लागले. १९५६मध्ये खुद्द शॅननने एक पानभर टिपण लिहून या लाटेबद्दल इशारा दिला. दुसऱ्या क्षेत्रात उपयोग होऊ शकतो, पण शब्द उसने घेऊन होणार नाही, गृहीतकं मांडून ती प्रयोगाने तपासावी लागतील, असा त्याचा सूर होता. बापानेच लेकराला आवर घालावा असा प्रसंग विज्ञानात फारसा दिसत नाही.

उलट, नीट नेलेली कल्पना बदलून पोचते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायची रीत रुजवली. ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत तीच रीत माणसांवर आली, निष्कर्ष १९४८मध्ये छापले गेले. पण वाफा आशा धरत नाही, डॉक्टर धरतो. म्हणून रुग्णाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरला आधी कळू नये यासाठी बंद पाकिटं वापरली, आणि क्ष-किरण चित्रं तपासणाऱ्यांना कोणतं चित्र कोणत्या गटातलं हे सांगितलं नाही. गाभा तोच ठेवला आणि नव्या जागेच्या स्वभावापुरती कुंपणं घातली.

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न: मला रात्रपाळीचा मुलगा दोन वर्षं का आठवला नाही? मानसशास्त्रज्ञ मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी यावर १९८०च्या सुमारास सुंदर प्रयोग केले. पोटात गाठ आहे, ती जाळण्याइतका तीव्र किरण वाटेतल्या निरोगी भागालाही जाळतो, काय कराल? उत्तर: अनेक बाजूंनी सौम्य किरण सोडा, ते गाठीवर एकत्र येतील. हे आपणहून दहातल्या एखाद्यालाच सुचतं. आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली, ज्यात तो सैन्याच्या छोट्या तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्यावर आणतो, तरी साधारण तीस टक्क्यांनाच उत्तर सापडलं. ‘‘ती गोष्ट इथे उपयोगी पडेल’’ एवढं सांगितल्यावर मात्र सुमारे तीन चतुर्थांश लोकांना जमलं. म्हणजे कल्पना डोक्यात होती, लागूही पडत होती, फक्त हाक मारल्याशिवाय येत नव्हती. सैन्य आणि गाठ ही नामं वेगळी, आणि आपली आठवण नामांच्या नावाने खण लावते.

यावर त्यांनाच सापडलेला उपाय मी वर्षानुवर्षं वापरतो. एका गोष्टीऐवजी दोन वेगळ्या क्षेत्रांतल्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांच्यात सारखं काय ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की तिसऱ्या ठिकाणी ती कल्पना जास्त सहज आठवते. म्हणून नवीन काही वाचलं की मी लगेच दुसऱ्या क्षेत्रातलं जुळं शोधतो, आणि मिळालं तर ‘न जुळणारं’ एकही शोधतो. वही साधी आहे, दर पानावर तीन ओळी. झडप, नळ, मुलीच्या चाचण्या. आणि न जुळणारी म्हणून गॅसवर उतू जाणारं दूध, जिथे थांबून चालत नाही.

आता प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनो, तुमच्याकडे. पंधरवड्याच्या आढाव्यातली नामं पुसली तर उरतं: काहीतरी करतो, पंधरा दिवसांत त्याचा परिणाम ओळखू येण्याइतका दिसतो, आणि ज्यांचं काम आहे तेच मिळून बदल ठरवतात. तब्येतीत चालणं, झोप, वजन यांचा कल पंधरा दिवसांत बऱ्यापैकी दिसतो आणि शरीर रुसत नाही. तुम्हाला गुण आला यात नवल नाही.

गुंतवणुकीत दुसरी अट मोडते. समजा एखादी गुंतवणूक वर्षाला सरासरी १० टक्के देते आणि तिचा चढउतार वर्षाला २० टक्के आहे. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. वर्षात २६ पंधरवडे. एका पंधरवड्यात अपेक्षित वाढ जेमतेम ०.४ टक्का, पण चढउतार जवळपास ४ टक्के, कारण वाढ काळाच्या प्रमाणात साचते आणि चढउतार काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे पंधरवड्याला तुम्ही जे बघता त्यात गोंगाट, म्हणजे निव्वळ चढउतार, खऱ्या वाढीच्या दसपट आहे. वर्षाने बघितलं तर दुप्पट. तुम्ही रात्रपाळीच्या मुलासारखी झडप फिरवत होतात, आणि दर फेऱ्याला व्यवहाराचा खर्चही जात होता. वर्षातून एकदा बघा, आणि तेव्हाही भाव पाहण्यापेक्षा तुमच्या गरजा बदलल्या का ते पाहा.

घरी तिसरी अट मोडली. टीममध्ये आढावा सगळ्यांचा असतो. घरी तो तुम्ही एकट्यानेच ठरवलात, मुद्दे तुमचे, कागद तुमचा, आणि बायको आपोआप आढावा घेतली जाणारी झाली. पाळणाघरातल्या दंडासारखं झालं: जी गोष्ट न मोजता चालली होती ती मोजली जातेय हे कळताच तिचा स्वभाव बदलला. आढाव्यात भार ज्यावर आहे ते म्हणजे अडलेलं बोलून दाखवायची जागा. ती घरात आधीच कुठेतरी असेल, रात्री दिवा मालवण्याआधीची दहा मिनिटं किंवा सोबत चालायला जाणं. कागद ठेवून द्या आणि पहिला प्रश्न तिला ठरवू द्या. आणि हे जमलं का याचा अंदाज पंधरा दिवसांत घेऊ नका, तीन-चार महिने जाऊ द्या.